पातळ शेंगोळ्या

"हे भिंतीला कागद चिकटवायला चालेल," असं म्हणून अण्णांनी वाटी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली.

वाटीत शेंगोळ्या होत्या. निदान असायला हव्या होत्या. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून घट्ट मळायचं, बारीक दोऱ्या वळायच्या, टोकाला टोक जोडून अंगठीएवढी कडी करायची आणि ती शेंगदाण्याच्या कुटाच्या रश्श्यात रटरटू द्यायची. जानेवारीत आमच्या ओतूरला हाडं गोठवणारा गारठा पडतो, तेव्हा घरोघरी हाच बेत असतो. वाटीभर रस्सा प्यायला की कानशिलं तापतात. पण त्या रश्श्यावर बोटभर तेल असतं, आणि तेल, कूट, मीठ या तिन्ही गोष्टी पुण्याच्या डॉक्टरांनी अण्णांच्या कागदावर लाल शाईनं खोडल्या होत्या. मी तेल काढलं, कूट काढलं, मीठ चिमूटभर ठेवलं. कडी पहिल्या उकळीलाच विरघळली आणि पातेल्यात खळ उरली.

"अण्णा, दोन चमचे तरी घ्या."

"निमे, मी तीस वर्षं एस्टी चालवली. ढाब्यावरचं, गाड्यावरचं, मिळेल ते खाल्लं. खळ मात्र कधी खाल्ली नाही."

एरवी मी हसले असते. पण बायपास होऊन तीन आठवडे झाले होते आणि अण्णांचं वजन नऊ किलो उतरलं होतं. सकाळी चतकोर पोळी, दुपारी मुगाच्या खिचडीचे दोन घास, की झालं जेवण. डॉक्टरांनी बजावलं होतं, येत्या सोमवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर पुन्हा दाखल करून घेणार. घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "मला परत त्या खाटेवर निजवलं तर मी उठायचा नाही. सांगून ठेवतो." अण्णांचा शब्द आणि अण्णांची वेळ चुकत नाही, असं डेपोपासून गावापर्यंत सगळे मानायचे. आई तेव्हापासून हबकली होती. आणि खायला म्हणून अण्णांनी आपणहून एकच गोष्ट मागितली होती, ती ही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. डी.एड. करून नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसले होते. बसले होते आपलं म्हणायचं. बसणं मला जमत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. अण्णा म्हणायचे, इंजिन चालू असतं, गिअर पडलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी मी पिठात कणीक मिसळली. कडी टिकली. अण्णांनी एक चमचा तोंडात घातला आणि म्हणाले, "ह्या चकोल्या झाल्या, वरणात सोड." तिसऱ्या वेळी मी लसूण वाटत असताना आई पळीभर तेल घेऊन पातेल्याकडे निघालेली दिसली. मी तिचा हात धरला.

"अगं, थोडंसं. त्याशिवाय घशाखाली उतरायचं कसं?"

"घशाखाली उतरून पुढं कुठं जातं ते दाखवलं ना डॉक्टरांनी?"

आईनं पळी खाली ठेवली आणि शेगडीपाशी बसूनच राहिली. डोळ्यांना पदर लावला नाही, पण लावल्यासारखाच चेहरा होता. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "सासूबाई आजाऱ्याला करायच्या पातळ शेंगोळ्या. तेल नावापुरतं, कूट नाही, तरी एक कडं मोडायचं नाही. तुझ्या आजोबांना टायफॉइडातून त्याच्यावर उठवलं त्यांनी."

"मग तू का नाही शिकलीस?"

"मला कुठं दाखवलं? लेकीला दाखवलं." एवढं बोलून आईनं जीभ चावली आणि बाहेरच्या खोलीकडे बघितलं.

आमच्या घरात नऊ वर्षं वच्छीआत्याचं नाव कुणी घेत नव्हतं. आत्या म्हणजे अण्णांची एकुलती एक धाकटी बहीण, संगमनेरच्या पलीकडे दिलेली. नऊ वर्षांत राखी नाही, भाऊबीज नाही, लग्नाची पत्रिकासुद्धा टपालानं. मी चपला घातल्या. आईनं कुठं चाललीस विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं.

घरातला फोन अण्णांच्या उशाशी होता, म्हणून बाजारपेठेतला बूथ गाठला. आत्याकडे फोन नव्हता, तिच्या शेजारच्या किराणा दुकानात होता. दुकानदारानं बोलावणं पाठवलं. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. मी त्या काचेच्या खोक्यात या पायावरून त्या पायावर करत होते.

"कोण?"

"आत्या, मी निमी. ओतूरहून."

पलीकडून हळूच, "दादा आहे ना?"

"आहेत. पण खात नाहीत काही." मग मी एका दमात सगळं सांगितलं, बायपास, सोमवार, खळ, चकोल्या. "त्या आजीच्या पातळ शेंगोळ्या कशा करायच्या? लिहून घेते, कागद आहे माझ्याकडं."

"ऑपरेशन झालं आणि मला आज कळतंय?"

मी हातातल्या कागदाची घडी उलगडत राहिले.

"कागदावर नाही यायचं ते," आत्या म्हणाली. "हाताला कळतं. मी वळून देते. परवा शनिवारी बारा चाळीसच्या गाडीला स्टँडवर ये."

"डबा ड्रायव्हरकडं देशील ना?"

"तू ये म्हणजे झालं." फोन ठेवला गेला.

शनिवारी मी बारालाच स्टँडवर हजर. आमच्याकडे ड्रायव्हरच्या हाती डबा पाठवायची जुनी रीत. शिकायला गेलेल्या मुलांना, बाळंतिणींना असेच डबे जायचे. गाडी फलाटाला लागली तशी मी ड्रायव्हरच्या खिडकीकडे धावले. त्यानं मानेनं मागं खूण केली. मागच्या दारातून आत्या उतरत होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं दांडा धरून. केस पांढरे झाले होते. चालण्यात अण्णांसारखीच डाव्या बाजूला लचक आली होती. मला रडू आलं आणि मी ते तिच्या खांद्यावर पुसलं.

"चल घरी."

"घरी नाही." तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "चार दहाची परतीची गाडी आहे. मी इथं बसते."

"साडेतीन तास? ह्या बाकड्यावर?"

"मी त्याला भेटायला नाही आले. तो जेवावा म्हणून आले. कळलं का? आणि मी आलेय हे सांगायचं नाही त्याला. माझ्या गळ्याची शपथ."

शपथ घालूनच मोकळी झाली. मग बाकड्यावर बसून तिनं मला शिकवलं. पीठ आधी कोरडंच भाजायचं, खमंग वास येईतो, म्हणजे त्याचा चिकटपणा मरतो. मग कढत पाण्यात मळायचं. वळून झाल्या की कापडावर तासभर उन्हात ठेवायच्या, वरून जरा सुकल्या की मोडत नाहीत. एवढं तिनं घरून करूनच आणलं होतं. "रस्सा साध्या पाण्याचा करायचा नाही. हुलगे शिजव, गाळ, त्या कढणात लसूण आणि जिरं ठेचून घाल. तेल एक चमचा, फोडणीपुरतं. कढणालाच इतकी चव असते की कुटाची आठवण येत नाही. उकळी फुटली की शेंगोळ्या सोड आणि झाकून ठेव. ढवळू नकोस. तू ढवळत असशील."

"तुला कसं कळलं?"

"तुझा बाप ढवळायचा लहानपणी. आई त्याच्या हातावर उलथनं मारायची. धीर नाही तुमच्यात."

घरी आले तर अण्णा दुपारची गोळी घेऊन नुकतेच झोपले होते. गोळीनंतर किमान दोन तास त्यांना उठवायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. मी घड्याळ बघितलं. एक वाजून पाच मिनिटं.

आईनं माझ्या हातातला डबा घेतला. आमच्याकडे भांड्यांवर नावं कोरलेली असतात. झाकणावरचं नाव तिनं अंगठ्यानं पुसल्यासारखं केलं आणि डबा उघडला. आत धुतलेल्या धोतराच्या फडक्यात तपकिरी कडी मांडून ठेवलेली, एकावर एक न चढवता. आईनं एक उचलून उजेडाकडे धरलं.

हुलग्याच्या कड्यावरून बाईचा हात ओळखता येतो. आई टोकं चिमटीत दाबते. माझी टोकं सुटतात. आजी टोकावर टोक ठेवून त्यावर अंगठ्याच्या नखाचा एक दाब द्यायची, शिजल्यावरही तिथं चंद्रकोरीसारखी बारीक खूण राहायची. डब्यातल्या प्रत्येक कड्यावर ती खूण होती.

"सासूबाईंचा हात," आई म्हणाली. मग दबक्या आवाजात, "वन्सं आल्यात?"

मी शपथेला जागून हुलगे कुकरमध्ये टाकायला वळले. आईनं माझ्याकडे बघितलं, उठली, दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. "जा, देऊन ये. म्हणावं वहिनीनं दिलंय. ह्यांचं नाव काढू नकोस."

मी पुन्हा स्टँडवर. आत्यानं भाकरी घेतली आणि "वहिनीला म्हणावं, वांगं छान झालंय" असा निरोप दिला, न चाखताच. तिसऱ्यांदा मी पाणी द्यायच्या निमित्तानं गेले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, तू रस्ता झिजवशील."

घरी कुकरमधले हुलगे शिजून कढण गाळून तयार होतं. अण्णा घोरत होते. मला एकच भीती होती. ती नखाची खूण त्यांना दिसली तर? वाटी भिरकावतील आणि मग सोमवार. मी दोन-तीन कड्यांचे जोड ओल्या बोटानं पुसून बघितले. एक सुटलंच.

"हात लावू नकोस," आई म्हणाली.

"त्यांनी ओळखलं तर?"

"ओळखू दे," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच जरा राग होता. कोणावर ते मला कळलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी काय झालं ते इथं सांगायला हवं, नाहीतर आईचा राग वाऱ्यावर राहील.

अण्णांची गाडी वेळेवर सुटायची. सगळ्या डेपोत त्याचा बोलबाला होता. सरपंच पळत येवो की फौजदाराची बायको हात करो, मिनिटकाटा जागेवर आला की अण्णांचा पाय क्लचवरून उठला. लोक शिव्या द्यायचे आणि घड्याळंही लावायचे. आजी गेली ती मे महिन्यात, पहाटे. आत्याला निरोप गेला. ती दहाच्या गाडीनं निघेल, बारा चाळीसला ओतूरला पोचेल, असा हिशेब अण्णांनी सर्वांना सांगितला. बारा चाळीस झाले, गाडी आली नाही. ऊन रणरणत होतं, म्हातारी मंडळी घाई करत होती. अण्णा आणखी वीस मिनिटं थांबले. त्यांच्या हिशेबानं तेही फार. "तिची गाडी चुकली असणार," असं म्हणून त्यांनी मडकं उचललं.

गाडी चुकली नव्हती. चंदनापुरीच्या घाटात ट्रक आडवा झाला होता आणि दोन्हीकडे रांगा लागल्या होत्या. आत्या बसमधून उतरून भर उन्हात घाट चालत ओलांडून आली, पुढं एका टेम्पोत बसली आणि पावणेतीनला थेट नदीवरच पोचली. तोवर चिता पेटून तास होऊन गेला होता. ती रडली नाही. अण्णांसमोर उभी राहून म्हणाली, "तुझी गाडी कुणासाठी थांबत नाही हे मला ठाऊक होतं, दादा. आईचीपण थांबणार नाही हे ठाऊक नव्हतं." घरी न येता तशीच वळली आणि चार दहाच्या गाडीनं परत गेली. अण्णा त्यावर कधी काही बोलले नाहीत. समजूत काढायला आलेल्या माझ्या मामाला एकदाच म्हणाले, "मी वीस मिनिटं थांबलो होतो." पण त्या मे महिन्यानंतर त्यांनी स्वतःहून दुसऱ्या मार्गाची ड्यूटी मागून घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत संगमनेरची गाडी त्यांनी पुन्हा चालवली नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी अण्णा खोकले. मी गॅस पेटवला. कढण उकळलं, शेंगोळ्या सोडल्या, झाकण ठेवलं आणि हात पाठीमागं बांधून उभी राहिले. ती बारा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. उलथनं समोर दिसत होतं म्हणून मी ते फडताळात ठेवून आले. झाकण काढलं तेव्हा स्वच्छ तपकिरी कढणात कडीच्या कडी तरंगत होती. लसणाच्या वासानं घर भरलं.

"काय केलंय?" आतून अण्णांचा आवाज. विचारलं, हेच खूप होतं.

वाटी नेऊन दिली. अण्णांनी आधी नुसतं कढण प्यायलं. थांबले. पुन्हा एक चमचा. मग शेंगोळी, दुसरी, तिसरी. दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पावणेचार. अण्णा खाली न बघता खात होते, लहान मुलासारखे. वाटी निम्मी झाली तेव्हा चमचा हवेतच राहिला.

त्यांनी चमच्यातलं कडं बोटानं उलटं केलं. खिडकीच्या उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरलं.

"ह्या कुणी वळल्या?"

"मी."

"तुझं एक तरी कडं आजवर जुळलंय का?"

मी हात पाठीमागं लपवले.

"आईला जाऊन नऊ वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "हे नख आता एकाच माणसाचं." कडं त्यांनी अलगद वाटीत सोडलं. "कोणत्या गाडीनं आला डबा?"

"बारा चाळीसच्या."

"कुणी आणला?"

"ड्रायव्हरनं. गोरड्यांनी." गोरडे हे एकच नाव मला त्या घाईत आठवलं. अण्णांच्या हाताखाली शिकलेला ड्रायव्हर, दिवाळीला पाया पडायला यायचा.

"गोरडे शनिवारी दुपारच्या ड्यूटीला असतो. बारा चाळीस तो आणत नाही. चार दहा नेतो." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तू मघापासून घड्याळाकडं चार वेळा बघितलंस."

शपथ मोडायची माझी हिंमत नव्हती आणि खोटं बोलायची अक्कल संपली होती. अण्णांनी चमचा खाली ठेवला, वाटीवर ताटली झाकली आणि वाटी बाजूला सारली.

"अण्णा, असं करू नका. माझ्यावर रागवा, तिच्यावर रागवा, पण खा. सोमवारी ते लोक तुम्हाला ठेवून घेतील. तुम्हीच म्हणालात ना, मग मी उठायचा नाही. अण्णा, खा ना." मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

"माझ्या चपला कुठं आहेत?" अण्णा म्हणाले.

आई चपला घेऊन दारात उभीच होती. दुसऱ्या हातात कानटोपी.

डॉक्टरांनी अण्णांना अंगणात दोन फेऱ्यांची परवानगी दिली होती. स्टँड आमच्या घरापासून चारशे पावलं. घराबाहेर पडलो तेव्हा चारला पाच कमी होते. एका हातानं त्यांनी माझं मनगट धरलं होतं, दुसरा तळहात छातीच्या टाक्यांवर ठेवला होता. दहा पावलं चालायची, थांबायचं. विजेच्या खांबापाशी थांबले, पिठाच्या गिरणीपाशी थांबले. माझे पाय जागच्या जागी नाचत होते.

"मी पुढं पळते. गाडी थांबवते. तुम्ही सावकाश या."

"नको."

"अण्णा, निघून जाईल ती. गोरडे तुमच्याच हाताखालचा आहे, एक मिनिट थांबायचा नाही."

"म्हणून तर," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा दहा पावलं चालले. "मलाच थांबवायचीय."

आम्ही स्टँडच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा गाडी मागं घेऊन झाली होती आणि तोंड रस्त्याकडे वळलं होतं. चार वाजून दहा मिनिटं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. अण्णांनी माझं मनगट सोडलं, रस्त्याच्या मधोमध गेले आणि हात वर केला. कानटोपी, स्वेटर, पायजमा आणि सुकून काटकी झालेला देह. मी डोळे मिटून घेतले. ब्रेक करकचले.

गोरड्यांनी खिडकीतून मान काढली. "अण्णा? अहो, तुम्ही कशाला बाहेर पडलात? बाजूला व्हा, टायम झालाय. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

"मीच शिकवलंय," अण्णा म्हणाले. "थांब."

आत्या तिसऱ्या खिडकीशी होती. तिनं आम्हाला बघितलं होतं आणि आता ती सरळ समोर बघत होती. अण्णा गाडीच्या कडेकडेनं पत्र्याला हात लावत तिच्या खिडकीखाली आले. श्वास लागला होता. बोलायला वेळ लागला.

"वच्छे, उतर."

"गाडीला उशीर होतोय, दादा."

"होऊ दे."

आत्या हलली नाही. गाडीतली माणसं माना वळवून बघत होती. कुणीतरी मागून ओरडलं, "अहो ड्रायव्हर, काय लफडं आहे?" गोरड्यांनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"किती वेळ थांबवशील?" आत्यानं विचारलं, अजून समोरच बघत.

"तू उतरेपर्यंत." अण्णांनी खिडकीचा गज धरला. "त्या दिवशीही तू येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. सगळे म्हणाले असते तरी. रात्र झाली असती तरी. चुकलो मी, वच्छे. नऊ वर्षं रोज चुकतोय."

हे अण्णांनी पंचेचाळीस प्रवाशांच्या देखत म्हटलं. जन्मात त्यांनी कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती, आईचीसुद्धा नाही.

आत्यानं पदराचं टोक तोंडावर घट्ट दाबून धरलं. खांदे हलत होते. मग तिनं नाक पुसलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत.

"जेवलास का तू?"

"अर्ध्या खाल्ल्या."

"का? बिघडल्यात?"

"नाही." अण्णा म्हणाले, "अर्ध्या झाकून ठेवल्यात. तुझ्यासाठी थांबलोय."

मी घरात रडून गोंधळ घालत होते, वाटी भिरकावली नाही तरी सारली म्हणून घाबरले होते, तेव्हा त्या ताटलीखाली हे होतं.

आत्या उतरली. पिशवी मी घेतली. गोरडे खाली येऊन अण्णांच्या पाया पडले आणि गाडी गेली, नऊ मिनिटं उशिरानं. कंडक्टरनं कारण काय सांगितलं ते मला माहीत नाही.

परत येताना आत्यानं अण्णांचा दंड धरला होता. दहा पावलं, थांबायचं. गिरणीपाशी थांबले, खांबापाशी थांबले. आत्या त्यांना कढणात जिरं जास्त झालंय का विचारत होती. मी पिशवी घेऊन मागून चालत होते आणि पुढं जायची घाई मला त्या दिवशी एकदाही झाली नाही.

सोमवारी वजन तेवढंच निघालं, उतरलं नव्हतं. अण्णा पुढं अकरा वर्षं जगले आणि आत्या दर जानेवारीला आठ दिवस येऊन राहायची. मला तिनं नखाचा दाब शिकवला. माझा अजूनही दहातला एक सुटतो.

पण त्या शनिवारी घरी पोचेपर्यंत पाच वाजायला आले होते. शेंगोळ्या पार गार झाल्या होत्या, आणि परत गरम केल्या की त्या फुगून घट्ट होतात, रस्सा उरतच नाही. आईनं थोडं कढण वाढवून बघितलं, तरी पिठल्यासारखंच झालं. दोघा बहीणभावांनी एकाच ताटलीत घेऊन ते चाटूनपुसून खाल्लं. अण्णांनी खळ म्हटलं नाही.